आधी नकला, मग तक्रार: ट्रस्टींविरुद्ध दाद मागताना

पहिला अर्ज आम्ही तक्रारीचा केला नाही, ट्रस्टच्या कागदपत्रांच्या नकलांचा केला. ट्रस्टी गडबड करताहेत असं लक्षात आलं की बहुतेक मंडळी आधी चार पानी तक्रार लिहितात, धर्मादाय आयुक्तांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत प्रती पाठवतात आणि पोचपावत्या फाइलला लावून बसतात. ती तक्रार टेबलावर आली की धर्मादाय कार्यालयातला निरीक्षक पहिला प्रश्न विचारतो, "पुरावा काय?" आणि पुरावा तर त्याच इमारतीत, दोन मजले वरखाली, ट्रस्टच्या फाइलमध्ये पडलेला असतो.

प्रकरण गिरगावातल्या एका ज्ञातीच्या ट्रस्टचं. ट्रस्टकडे एक हॉल, त्यावर दोन खोल्या आणि शिष्यवृत्तीचा वेगळा निधी. हॉल वर्षानुवर्षं एकाच कंत्राटदाराकडे, शिष्यवृत्ती तीन वर्षं वाटलेली नाही आणि हिशेब मागितला की "ऑडिटरकडे आहे" एवढंच उत्तर. मुंबईत असे ट्रस्ट वाडीवाडीत आहेत, त्यामुळे इथे सांगितलेलं बरंचसं दुसरीकडेही लागू पडेल.

आधी ट्रस्ट सार्वजनिक आहे की खासगी, हे बघावं. सार्वजनिक असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० लागतो आणि दार वरळीला, डॉ. अॅनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं. घरच्या माणसांसाठी केलेला खासगी ट्रस्ट असेल तर भारतीय न्यास अधिनियम १८८२ आणि दार कोर्टाचं. लेटरहेडवर, पावतीपुस्तकावर किंवा हॉलच्या पाटीवर 'ई' किंवा 'एफ' अशा अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर ट्रस्ट सार्वजनिक. 'एफ' असेल तर ती सोसायटी (घरांची नव्हे, संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था) म्हणूनही नोंदलेली असते, म्हणजे सभासदत्व, घटना, निवडणूक हे आणखी एक लफडं सोबत येतं. आमचा 'ई' होता.

नकलांच्या अर्जात मागायच्या गोष्टी मोघम लिहू नयेत. "सर्व कागदपत्रे" असं लिहिलं की अर्ज फिरत राहतो. आम्ही मागितलं ते असं: अनुसूची १ चा (ट्रस्टची, त्याच्या ट्रस्टींची नोंद ज्यात असते त्या सरकारी नोंदवहीचा) अद्ययावत उतारा, मूळ ट्रस्टडीड किंवा योजना (ट्रस्ट कसा चालवायचा ते ठरवून देणारी), आजवर दाखल झालेले सगळे चेंज रिपोर्ट (नोंदीतला बदल कळवणारे अर्ज) त्यांच्या निकालासह, मागच्या सात वर्षांचे ऑडिट रिपोर्ट परिशिष्टांसह, आणि मिळकत विकायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला कलम ३६ खाली कधी परवानगी मागितली असेल तर तो अर्ज व आदेश. माहितीच्या अधिकारातही कागद मिळतात, पण सुनावणीत वजन प्रमाणित नकलेला. झेरॉक्सवर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो आणि एक तारीख फुकट जाते.

अनुसूची १ चा उतारा हातात आला आणि पहिला धक्का तिथेच बसला. सात ट्रस्टींपैकी चौघे कधीच वारलेले. आज हॉलच्या ऑफिसात बसून चेकवर सह्या करणाऱ्यांपैकी दोघांची नावं उताऱ्यावर नव्हतीच. ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलेला नव्हता, किंवा दिला होता आणि पडून होता. मुंबईतल्या जुन्या ट्रस्टमध्ये हे इतकं सरसकट आहे की त्याला कुणी दोषच मानत नाही. पण अर्ज करणाऱ्याला ते नडतं. फक्त उताऱ्यावरचे ट्रस्टी प्रतिवादी केले तर खरा कारभार करणारे म्हणतात, आम्ही ट्रस्टीच नाही. फक्त कारभार करणारे घेतले तर उताऱ्यावरचे बाहेर राहतात. दोघांनाही घ्यावं आणि दुसऱ्या गटापुढे "ट्रस्टी म्हणून काम पाहणारे" असं लिहावं. मयतांची नावं, तारीख माहीत असेल तर तारखेसह, वेगळ्या परिच्छेदात द्यावीत. नाहीतर नोटीस मयताच्या पत्त्यावर जाते, "इसम मयत" असा शेरा मारून परत येते आणि तीन महिने निघून जातात.

खरा ऐवज मात्र ताळेबंदात असतो. सार्वजनिक ट्रस्टचा ताळेबंद अनुसूची ८ च्या नमुन्यात असतो आणि तो नमुना करणाऱ्याने मोठी अक्कल वापरली आहे. मालमत्तेच्या बाजूला 'ॲडव्हान्स' या सदराखाली पाच ओळी येतात: ट्रस्टींना, नोकरांना, कंत्राटदारांना, वकिलांना, इतरांना. रोख शिल्लक दाखवतानाही बँकेत किती, ट्रस्टीकडे किती, मॅनेजरकडे किती, असं फोडून दाखवावं लागतं. देण्याच्या बाजूला कॉर्पस (मूळ निधी) वेगळा, राखीव निधी वेगळा, आणि भाड्याच्या व इतर अनामती वेगळ्या. सात वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून या चार-पाच ओळींचे आकडे एका वहीत उतरवले की बाकी काही वाचावं लागत नाही. आमच्याकडे 'ट्रस्टीकडे रोख' ही ओळ दरवर्षी वाढत गेली होती. शिष्यवृत्ती निधी देण्याच्या बाजूला जसाच्या तसा होता, पण त्याच्या जोडीची मुदत ठेव मालमत्तेच्या बाजूला एका वर्षी नाहीशी झाली होती. निधी कागदावर, पैसा दुसरीकडे. चोरी बहुधा अशीच दिसते, नावासकट नाही, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकलेली.

त्यासोबत ऑडिटरचा अहवाल असतो. नियम १९ प्रमाणे त्यात ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. हिशेब नियमित ठेवले का. ऑडिटच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळले का. ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का. कलम ३५ डावलून पैसा गुंतवला का. कलम ३६ डावलून मिळकत दिली का. ट्रस्टींच्या सभा नियमित होतात का, इतिवृत्त आहे का. कुणी ट्रस्टी ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. मागच्या वर्षीच्या त्रुटी दुरुस्त केल्या का. बरेच ऑडिटर या रकान्यांत डोळे मिटून 'नाही', 'होय', 'लागू नाही' टाकत जातात. आमच्या अहवालात 'ट्रस्टी देणेकरी आहे का' यापुढे 'नाही' होतं आणि मागच्या पानावर, त्याच सहीच्या ताळेबंदात, 'ट्रस्टींना ॲडव्हान्स' या ओळीत आकडा होता. ही दोन पानं शेजारी लावून केलेली एक नक्कल आमच्या पंचवीस परिच्छेदांपेक्षा जास्त कामाची ठरली.

हॉलचं प्रकरण कलम ३६ चं. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (बिगरशेती जमिनीलाही तीन वर्षं, शेतीला दहा). विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांना मुदतीचा प्रश्नच नाही, परवानगी लागतेच. म्हणून पळवाट ठरलेली: ३३ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, तो संपला की त्याच माणसाला पुन्हा ३३ महिने, मधे एक दिवसाची फट. कागदावर भाडेपट्टा नाही आणि तीन वर्षं होत नाहीत. पण करारावर 'लायसन्स' लिहिलं म्हणून तो लायसन्स होत नाही. पक्षांचा खरा हेतू काय आणि ताबा कुणाचा, हे बघायचं, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच घालून दिली आहे. ते दाखवायला सलग सगळे करार लागतात. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर मिळकतीच्या क्रमांकाने शोधून सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) काढली की एकामागून एक नोंदी मिळतात: पक्षकार तेच, मुदत तीच, अनामत मात्र दर वेळी वाढलेली. सोबत पालिकेचं मालमत्ता कराचं बिल, वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते, आणि हॉलच्या बुकिंगच्या पावत्या कोण देतं त्याचे दोन-चार नमुने. पावतीवर ट्रस्टऐवजी कंत्राटदाराच्या फर्मचं नाव असेल तर ताबा कुणाचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

परवानगी न घेता केलेल्या व्यवहाराला ट्रस्टी नंतर मंजुरी मागू शकतात, कारण २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत ती वाट उघडली आहे. म्हणून मिळकतीबद्दल तक्रार करताना एक वाक्य न विसरता घालावं: अशी मंजुरी मागणारा अर्ज आल्यास आम्हाला नोटीस देऊन ऐकून घ्यावं.

आता दार निवडायचं. इथे लोक चुकतात, वकीलही चुकतात. एकाच कायद्यात सात-आठ उपाय आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

कलम ४१-ए खाली आयुक्त ट्रस्टींना कारभाराबाबत निर्देश देऊ शकतात: हिशेब दाखल करा, सभा घ्या, ठेव अमुक बँकेत ठेवा. लहान, नेमक्या मागणीसाठी हे उत्तम. पण कोण खरा ट्रस्टी, कुणाची निवड बेकायदा, असा वाद इथे सुटत नाही. तो घातला की अर्ज त्याच मुद्द्यावर अडकतो. कलम ४१-बी म्हणजे चौकशी. हितसंबंधी व्यक्तीच्या लेखी तक्रारीवर ती सुरू होते, निरीक्षक दप्तर बघतो, अहवाल देतो. कलम ४१-ई तातडीचं: मिळकत उधळली जाते आहे, बेकायदा दिली जाणार आहे, असं दिसलं तर तात्पुरता मनाई हुकूम. कलम ४१-डी ट्रस्टीला निलंबित करण्याचं किंवा काढण्याचं. कलमं ३८ ते ४१ पैसा परत आणण्याची: ऑडिटमधल्या त्रुटीवर ट्रस्टींचं स्पष्टीकरण मागवायचं, अहवाल आयुक्तांकडे जायचा, आणि घोर निष्काळजीपणा, विश्वासभंग किंवा पैशाच्या गैरवापरामुळे नुकसान झालं असं ठरलं तर तेवढी रक्कम त्या ट्रस्टीवर सरचार्ज म्हणून बसवायची. ही शेवटची वाट फार थोडे लोक चालतात, हे आमच्या मते नुकसानच आहे. ट्रस्टीला काढल्याचा आनंद पुष्कळांना होतो, पण पैसा परत मागायचं राहूनच जातं.

आणि कलम ५० चा दावा. बृहन्मुंबईत तो शहर दिवाणी न्यायालयात. किमान दोन हितसंबंधी व्यक्ती लागतात आणि कलम ५१ खाली आयुक्तांची लेखी संमती आधी लागते. संमतीच्या अर्जावर दोन्ही बाजू ऐकून, प्रथमदर्शनी तथ्य दिसतं का एवढंच बघून सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. संमतीशिवाय घातलेला दावा गुणवत्तेवर कितीही चांगला असला तरी टिकत नाही. संमती ज्या मागण्यांसाठी मिळाली त्याच दाव्यात याव्यात, म्हणून अर्जालाच दाव्याचा मसुदा जोडावा. नंतर मागणी वाढवली की भांडण तिथूनच सुरू.

हितसंबंधी कोण, हा प्रश्न पहिल्या तारखेला येतोच. देवळाचा ट्रस्ट असेल तर दर्शनाला, पूजेला जाण्याचा हक्क असलेला माणूस चालतो. सोसायटी असेल तर सभासद. इतर ट्रस्टमध्ये ट्रस्टी किंवा लाभार्थी. "मी वाडीत राहतो" हे पुरत नाही. आमच्या अर्जदारांपैकी एकाच्या मुलीला पूर्वी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि मागच्या वर्षीचा अर्ज पोच घेऊन दिलेला होता. ती पोच पहिल्या पानाला लावली. दुसऱ्याने ज्ञातीच्या सवलतीच्या दराने हॉल मागितल्याचं आणि नाकारल्याचं पत्र लावलं.

आम्ही ४१-ई आणि ४१-डी असे दोन वेगळे अर्ज केले, आणि ऑडिटच्या त्रुटींवर तिसरा. सगळं एकात कोंबायचा मोह होतो; तसं केलं की तातडीचा भागही मोठ्या चौकशीच्या गतीने चालतो. ४१-ई च्या अर्जात मागणी एकच ओळीची ठेवली: चालू करार संपल्यावर या अर्जाच्या निकालापर्यंत हॉलबाबत नवा करार करू नये, अनामत घेऊ नये. करार संपायला किती दिवस उरलेत ते ठळक लिहिलं. तातडी विशेषणांतून दाखवण्यापेक्षा तारखेने दाखवावी.

४१-डी मध्ये दोषारोप ठेवले जातात आणि ट्रस्टीला उत्तराची, पुराव्याची पूर्ण संधी मिळते. म्हणून प्रत्येक आरोप सुटा लिहावा: कुणी, कोणत्या तारखेला, किती रकमेचं, कोणत्या कागदावरून. कायद्यातली कारणंही तशीच नेमकी आहेत. हिशेब-विवरणपत्र देण्यात सतत कसूर, कायदेशीर आदेश मुद्दाम न पाळणं, कर्तव्यात सतत हलगर्जी किंवा विश्वासभंग, मिळकतीचा अपहार किंवा गैरव्यवहार, ट्रस्टी म्हणून असलेल्या भूमिकेशी विसंगत पद स्वीकारणं, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा. "मनमानी कारभार", "हुकूमशाही वृत्ती" यांचा दोषारोप होत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात एकोणीस आरोप होते. वकीलबाईंनी सहा ठेवले, बाकीच्यांवर आडवी रेघ मारली.

सुनावणीत वेळ कुठे जातो ते आधीच माहीत असलेलं बरं. नोटीस बजावणीत जातो. पत्ते पिनकोडसकट, फ्लॅट नंबरसकट द्या आणि बजावणीचं प्रतिज्ञापत्र स्वतः वेळेवर टाका. समोरच्याचा 'से' (लेखी उत्तर) येत नाही, तेव्हा दर तारखेला रोजनाम्यात (त्या दिवशीच्या कामाच्या नोंदीत) "से दाखल नाही" असं लिहून घ्या. मधेच ट्रस्टी जुने चेंज रिपोर्ट एकगठ्ठा दाखल करतात आणि म्हणतात आधी त्यांचा निकाल लागू द्या. त्या चेंज रिपोर्टमध्ये हरकत दाखल केली नाही तर ते बिनविरोध मंजूर होऊ शकतात, त्यामुळे ते प्रकरण वेगळं असलं तरी तिथेही हजर राहावं लागतं. सहायक किंवा उपआयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध कलम ७० खालचं अपील ६० दिवसांत करायचं. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस वजा मिळतात, पण ते नकलेचा अर्ज टाकल्यापासूनचे, म्हणून तो अर्ज निकालाच्या दिवशीच टाकलेला बरा.

पोलिसांत जायचं का, हे सगळेच विचारतात. विश्वासघाताचा गुन्हा आहेच: १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, त्याआधीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची ४०५ पासूनची कलमं. पण नुसती शंका घेऊन गेलं तर ठाण्यात "हे दिवाणी आहे, चॅरिटीत जा" एवढंच ऐकायला मिळतं. निरीक्षकाचा अहवाल किंवा मोडलेल्या ठेवीचा बँकेचा उतारा हातात आल्यावर गेलं तर बोलणं वेगळं होतं.

खासगी, कौटुंबिक ट्रस्टचं थोडक्यात. तिथे वरळीचा संबंध नाही. सुरुवात १८८२ च्या कायद्यातल्या कलम १९ आणि ५७ खालच्या लेखी मागणीने करावी. हिशेब बघण्याचा आणि ट्रस्टडीडची प्रत घेण्याचा लाभार्थ्याला हक्क आहे. भावाभावांत, काका-पुतण्यांत असं पत्र लिहायला जीव होत नाही, पण तारीख पडलेलं पत्र हवंच. ट्रस्टी नवा नेमायचा तर कलम ७४ खाली अर्ज, मुंबईत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडे. हिशेबाचा, वसुलीचा दावा असेल तर रकमेप्रमाणे शहर दिवाणी किंवा उच्च न्यायालयात. शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०२४ च्या जानेवारीपासून १० कोटी झाली आहे. ट्रस्टडीडमध्ये लवादाचं कलम असलं तरी ट्रस्टी-लाभार्थी वाद लवादाकडे जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं आहे, आणि ते प्रकरण मुंबईचंच होतं.

व्याजाचा हिशेब मात्र इथे रंजक आहे. समजा ट्रस्टीने १० लाख रुपये विनाकारण चार वर्षं लाभार्थ्याला दिले नाहीत. कलम २३ प्रमाणे, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर, ६ टक्के सरळव्याज: २,४०,००० रुपये. तेच पैसे त्याने स्वतःच्या धंद्यात फिरवले असतील तर लाभार्थ्याला निवड मिळते. सहामाही चक्रवाढीने त्याच दराने घ्यायचं, म्हणजे २,६६,७७० रुपये; किंवा धंद्यातला निव्वळ नफा मागायचा. धंदा चालला असेल तर नफाच मागावा. ट्रस्टच्या पैशाने फ्लॅट घेतला असेल तर कलम ६३ खाली त्या फ्लॅटवर हक्क सांगता येतो. मोबदला देऊन, काही माहीत नसताना घेणारा तिऱ्हाईत मात्र कलम ६४ ने वाचतो. "मी फक्त सही केली, व्यवहार दादा बघायचा" हा बचाव कलम २६ मध्ये फार दूर जात नाही: सहट्रस्टीच्या हाती पैसा देऊन पुढे चौकशी न करणारा किंवा गैरप्रकार कळूनही गप्प बसणारा तोही जबाबदार, आणि कलम २७ प्रमाणे पूर्ण रक्कम एकट्याकडूनही मागता येते.

आमच्या प्रकरणात दोषारोप ठेवल्यावर दोघांनी राजीनामे दिले. राजीनामा दिला म्हणून हिशेबातून सुटका होत नाही. तसं लेखी निवेदन (पुरशिस) देऊन सरचार्जचं प्रकरण चालू ठेवायला सांगावं लागलं. उरलेल्या ट्रस्टींनी ट्रस्टडीडप्रमाणे नव्या नेमणुका केल्या (डीडमध्ये तशी सोय नसती तर कलम ४७ खाली अर्ज करावा लागला असता), आणि चेंज रिपोर्ट या वेळी ९० दिवसांच्या आत गेला. बँक ठराव बघून सह्या बदलत नाही, अनुसूची १ चा उतारा मागते. म्हणून पहिल्याच पत्राने जुन्या सह्यांवरचे व्यवहार थांबवायला सांगितलं. मग पंचनामा करून दप्तर घेतलं: इतिवृत्ताची तीन पुस्तकं, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं क्रमांकासह, चेकबुकांचे काउंटरफॉइल, ठेवींच्या मूळ पावत्या, हॉलच्या चार किल्ल्या. पावतीपुस्तकांपैकी दोन क्रमांक जुळले नाहीत. ते पंचनाम्यात तसेच लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.